दोन दिवसांची बॅग

बसस्थानकाच्या मोठ्या दारातून आत आलं की उजव्या हाताला येणाऱ्या, जाणाऱ्या, गाडी बदलणाऱ्या सगळ्यांचं सामान तपासायचं यंत्र होतं. काळा सरकता पट्टा, दोन्ही तोंडांना रबराच्या झालरी, आणि पलीकडे उंच खुर्चीवर बसून पडद्याकडे बघणाऱ्या बाई. स्थानकावरचे सगळे त्यांना एक्स-रे बाई म्हणत. वाहक, चहावाला, झाडूवाल्या मावशी, झालंच तर स्थानकप्रमुखसुद्धा.

त्यांच्या आधी त्या खुर्चीवर एक गृहस्थ होते. ते दिवसभर पेंगायचे. म्हणायचे, या कामात जीव रमावा असं आहे काय? बाईंचं नेमकं उलट होतं. पडद्यावर कपडे नारिंगी धुक्यासारखे दिसत, लोखंड निळं दिसे, आणि मधलंअधलं काही असेल ते हिरवं. त्या धुक्यातून माणसाचं सगळं बिऱ्हाड उलगडत सरकत जाई आणि बाई टक लावून बघत राहत. चोरीचा माल पकडायची त्यांना फारशी हौस नव्हती. माणसं काय घेऊन निघतात आणि कशासाठी, याचंच त्यांना कुतूहल. दोन दिवसांसाठी चाललेला माणूस बरोबर इस्त्री का नेतो? एकटीच्या बॅगेत तीन कंगवे कशाला? एकदा एका गृहस्थांच्या पिशवीत दाराची कडी निघाली. नुसती कडी, स्क्रूंसकट. बाईंनी भिडेखातर विचारलं नाही आणि पुढे आठवडाभर त्यांना चैन पडलं नाही. तेव्हापासून त्यांनी ठरवून टाकलं, की तोंड आहे तर विचारावं. फार तर समोरचा सांगणार नाही.

घरी त्यांना हे कुतूहल भागवायची सोय नव्हती, कारण घरातल्या सामानात काय आहे हे त्यांना पाठच होतं. त्यांचे मिस्टर उभी नोकरी एका रुग्णालयाच्या भांडारात करून निवृत्त झाले होते. 'शिल्लक नाही' हे दोन शब्द ऐकले की त्यांना आजही घाम फुटायचा. एका दिवसासाठी कुठे जायचं म्हटलं तरी ते कुकर बाहेर काढायचे. तिकडे कुकर नसला तर? शिवाय दोरी, मेणबत्त्या, जास्तीचा दिवा, तीन तऱ्हेचे मलम. सामान उचलूनच माणूस इतका दमून जायचा की हिंडायचं त्राण राहायचं नाही. त्यामुळे गेली कित्येक वर्षं दोघं कुठे गेलीच नव्हती.

अशात बाईंच्या नजरेत एक आजी भरल्या. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी सकाळी त्या यायच्या. दुसऱ्या गावाहून येणाऱ्या गाडीतून उतरायचं, स्थानक ओलांडून पार टोकाच्या फलाटावरची गाडी पकडायची, असा त्यांचा रस्ता. सत्तरीच्या घरातल्या, अंगाने काटकुळ्या, गुडघ्यांत किंचित वाकून चालणाऱ्या. हातात एकच बॅग, तीसुद्धा शाळकरी मुलीच्या दप्तराएवढी. रविवारी संध्याकाळी तीच बॅग घेऊन परत.

बाईंना त्या बॅगेने वेडच लावलं. पडद्यावर ती सरकली की आत सगळं सुटसुटीत दिसायचं. एक कपड्यांची जोडी, एक चमचा, चष्म्याचं घर, बॅटरी, कॅनव्हासच्या बुटांची जोडी. बुटांची भोकं कशी बारीक ठिपक्यांच्या रांगेसारखी उमटायची. आणि या सगळ्यात मधोमध, एखाद्या घुबडाच्या डोळ्यांसारखी, एक भलीमोठी दुर्बीण.

तिसऱ्या की चौथ्या खेपेला बाईंनी विचारलंच. "आजी, दुर्बीण कशाला हो?"

आजींनी बॅग पट्ट्यावरून उचलली, बाईंकडे नीट बघून घेतलं आणि म्हणाल्या, "वर बघायला."

एवढंच सांगून त्या आपल्या फलाटाकडे चालत्या झाल्या. बाई त्यांच्या पाठीकडे बघत राहिल्या. वर म्हणजे कुठे? पक्षी? तारे? तारे बघायचे तर त्यासाठी गाव कशाला सोडायला हवं, गच्ची काय कमी आहे? त्या दिवशी बाईंनी घरी जाऊन मिस्टरांना विचारलं, की दोन दिवस कुठे जायचं आणि फक्त एक चमचा न्यायचा, हे कसं जमत असेल? मिस्टर म्हणाले, चमचा हरवला तर पंचाईतच आहे की.

पुढे पावसाळा सरला आणि आजी यायच्या थांबल्या. एक शेवटचा शनिवार कोरडा गेला. पुढचाही गेला. बाईंनी टोकाच्या फलाटावरच्या वाहकाकडे चौकशी केली. तोही म्हणाला, दिसल्या नाहीत खऱ्या.

त्याच सुमाराला एक दुसराच माणूस दर शनिवारी दिसू लागला. पन्नाशीला टेकलेला, नीट भांग पाडलेला, खिशाला दोन पेनं. जाताना त्याच्या हातात मोठी थोरली सुटकेस असायची आणि ती पूर्ण रिकामी. पडद्यावर नुसतं चाकांचं आणि मुठीचं निळं चित्र. रविवारी परत येताना ती गच्च भरलेली. डबे, पातेली, घड्याळ, फोटोंच्या चौकटी. घर आवरतंय कुणाचं तरी, हे बाईंच्या चटकन लक्षात आलं. अशी भरलेली बॅग बघून काय विचारायचं ते त्यांना सुचेना, म्हणून त्या गप्प राहिल्या.

एका रविवारी सुटकेसच्या मागोमाग त्या माणसाने आणखी एक छोटी बॅग पट्ट्यावर ठेवली. पडद्यावर आधी ठिपक्यांची रांग आली, मग घुबडाचे डोळे. बाईंनी पट्टा थांबवला.

मागे रांग खोळंबली. बाईंनी हाताखालच्या मदतनीस पोरीला खुर्चीवर बसवलं आणि त्या माणसाला बाजूच्या टेबलापाशी नेलं. तो घाबरला. काही चुकलं का, म्हणून विचारू लागला. बाईंनी विचारलं, ही बॅग कोणाची? तो म्हणाला, आईची. आणि मग, कुणी विचारलेलं नसताना, त्याने सांगून टाकलं की आई दोन महिन्यांपूर्वी गेली, झोपेतच, काही त्रास न होता. आता घर रिकामं करून द्यायचं आहे. ही बॅग तिच्या खोलीच्या दारामागे खुंटीला होती, भरून ठेवलेली. इस्पितळात जायची वेळ आली तर हाताशी असावी म्हणून तिने तयार ठेवली असेल, असं त्याला वाटलं होतं. उघडायला मात्र हात धजला नव्हता.

बाईंनी बॅग टेबलावर सरळ उभी केली. प्रवाशाच्या सामानाबद्दल दुसऱ्याशी बोलायचं नाही असा त्यांचा नियम होता, आणि इतक्या वर्षांत त्यांनी तो पाळला होता. पण हा दुसरा कसा म्हणायचा, हा तर मुलगा.

"इस्पितळाची नाही ही बॅग," त्या म्हणाल्या. "तुमच्या आई दर महिन्याला ही घेऊन इथून जायच्या."

"आमची आई? नाही हो. ती कुठे जायचीच नाही. गुडघे दुखायचे तिचे."

"वाकून चालायच्या. डाव्या कानामागे तीळ होता."

त्याने टेबलाच्या कडेला हात टेकला. मग हळूच बॅगेची चेन ओढली. कपडे नीट घडी केलेले होते. बुटांच्या तळव्यांत वाळकं गवत अडकलेलं होतं. दुर्बीण एका जुन्या पंच्यात गुंडाळलेली होती, आणि पंच्याच्या गाठीत एक शिट्टी होती, खेळाच्या मैदानावर वाजवतात तशी. ही शिट्टी बाईंनी पडद्यावर कधी हेरली नव्हती. दुर्बिणीच्या सावलीत ती लपून जात असावी. बाईंना स्वतःचाच थोडा राग आला.

त्याने तिथल्या तिथे आईच्या शेजारणीला फोन लावला. ती म्हणाली, हो, महिन्यातून एकदा दोन दिवस मी त्यांच्या झाडांना पाणी घालायची की. तुमच्याकडेच यायच्या ना त्या?

फोन ठेवल्यावर त्याचा चेहरा बघवेना. त्याचं घर या स्थानकापासून पायी जाण्यासारखं होतं. आई दर महिन्याला त्याच्या दारावरून जायची आणि त्याला कळवायची नाही. शनिवारी तिने फोन उचलला नाही की दुपारची झोपली असेल, असं तो धरून चालायचा. कुठे जायची, कुणाकडे, काय करायला, सगळंच अधांतरी. बाईंनी त्याला टोकाच्या फलाटाकडे बोट दाखवलं. तिथून एकच गाडी सुटते, म्हणाल्या. डोंगरापलीकडच्या माळावर जाते आणि तिथेच वळते.

दोन दिवसांनी तो पुन्हा आला, हातात सामान नसताना. इमारतींच्या लिफ्ट तपासायची नोकरी होती त्याची. दिवसभर दोर, कप्प्या आणि किती वजन पेलेल याचे हिशेब. शनिवारी माळावर जाऊन बघावं म्हणतो, तो म्हणाला, पण एकट्याने जायचा धीर होत नाही. तिकडे कुणी विचारलं तर मी काय सांगू? तिला प्रवासात पाहिलेल्या अशा तुम्हीच एक आहात. येता का?

बाईंच्या मनात तर हे त्या रविवारपासूनच घोळत होतं. त्यांनी लगेच हो म्हटलं आणि मग घरी कसं सांगायचं याची चिंता करत घरी गेल्या. मिस्टरांनी सगळं ऐकून घेतलं. अनोळखी माणसाबरोबर अनोळखी गावाला जायचं म्हणजे मीही येणार, म्हणाले आणि माळ्यावरून मोठी ट्रंक काढायला शिडी लावू लागले.

"अहो, शिडी राहू दे," बाई म्हणाल्या. "एकच बॅग. आजींच्या बॅगेएवढी. दोघांत मिळून."

मिस्टरांना वाटलं थट्टा चालली आहे. थट्टा नाही हे कळल्यावर त्यांनी पलंगावर सगळं मांडलं आणि एकेका वस्तूची बाजू घेऊन भांडायला बसले. कुकर त्यांनी स्वतःहून परत ठेवला, तेवढं शहाणपण दाखवलं. पण दोरीवरून बरीच बोलाचाली झाली. दोरी कधी लागली आहे का, असं बाईंनी विचारलं. लागली नाही कारण ती नेहमी बरोबर असते, असं त्यांचं उत्तर. बाईंना एक गंमत कळली. सामान काढून टाकताना प्रत्येक वेळी कसली तरी भीती काढून टाकावी लागते. पाऊस, अंधार, पोटदुखी, भूक, रुसवे. आजी हे सगळं घरी ठेवून कसं निघत असतील? शेवटी दोघांचे दोन कपडे, दात घासायचं सामान, गोळ्या आणि एक टॉवेल एवढ्यावर बॅग बंद झाली. मिस्टर फारच लवकर गप्प झाले, याचा बाईंना खरं तर तेव्हाच संशय यायला हवा होता.

शनिवारी तिघं निघाली. लिफ्टवाल्याने आईची बॅग होती तशी आणली होती. स्वतःचा एक शर्ट तेवढा वर ठेवला होता. गाडी डोंगर चढून माळावर आली तेव्हा दुपार व्हायची होती. सगळीकडे गुडघ्याएवढं पिवळं गवत, मध्ये एक लांबच लांब कापलेला पट्टा आणि त्याच्या कडेला पत्र्याची मोठी शेड. शेडपाशी पांढऱ्या, लांब पंखांची दोन विमानं उभी होती. इंजिन नसलेली, ग्लायडर म्हणतात ती.

बाई थबकून आभाळाकडे बघायला लागल्या. वर आणखी एक होतं, आवाज न करता गोल फिरत. वर बघायला म्हणजे हे होय, त्या पुटपुटल्या.

शेडमधून एक तरुण बाई बाहेर आली. उडायला शिकवणारी शिक्षिका तीच होती. तिची नजर पहिल्यांदा लिफ्टवाल्याच्या हातातल्या बॅगेवर गेली आणि तिचा चेहरा उजळला. मग तिने त्याच्या मागे पाहिलं, बसच्या दिशेने पाहिलं. "आजी कुठे आहेत?"

लिफ्टवाल्याने सांगितलं. शिक्षिका तिथेच गवतात बसली. शेडमधले चारपाच जण बाहेर आले, त्यांनाही तिनेच सांगितलं. एकाने आतून पाणी आणून दिलं. मग हळूहळू एकेक जण बोलायला लागला आणि लिफ्टवाला ऐकत राहिला, परक्याच कुणाची हकीकत ऐकावी तसा.

काही वर्षांपूर्वी आजी चुकीच्या गाडीत बसल्या होत्या. गाडी इथे येऊन वळली, त्या खाली उतरल्या आणि आभाळाकडे बघत परतीच्या दोन गाड्या चुकवल्या. पुढच्या महिन्यात दुर्बीण घेऊन आल्या. ग्लायडर वर न्यायचं म्हणजे मैदानाच्या दुसऱ्या टोकाला दोर गुंडाळणारं यंत्र असतं, ते दोर खेचतं आणि पतंगासारखं विमान वर चढतं. त्याआधी पट्ट्यावर कुणी माणूस नाही, गुरं नाहीत, वर दुसरं विमान नाही, हे बघावं लागतं. हे काम आजींनी मागून घेतलं. दुर्बिणीने पार कडेपर्यंत बघायचं आणि सगळं मोकळं असलं तर शिट्टी वाजवायची. त्यांची शिट्टी झाल्याशिवाय दोराला हात लावायचा नाही, असा इथला रिवाजच पडून गेला. शेडच्या मागच्या खोलीत त्यांची खाट होती. पांघरूण, ताट, पेला सगळं इथलंच. चमचा तेवढा स्वतःचा लागायचा.

बाईंनी विचारलं, त्या स्वतः कधी वर गेल्या होत्या का?

"एकदा," शिक्षिका म्हणाली. "उतरल्यावर म्हणाल्या, बरं आहे, पण खालूनच जास्त छान दिसतं."

लिफ्टवाला हसला. मग ज्यासाठी तो एवढ्या लांब आला होता ते त्याने विचारलं. "मला का नाही सांगितलं तिने?"

शिक्षिका जरा घुटमळली. मी एकदा विचारलं होतं, ती म्हणाली. मुलाला घेऊन या, बघू दे त्यालाही. तर म्हणाल्या, "तो फार चांगला आहे गं. त्याला कळलं तर तो गाडी पाठवील. मग गाडीत उशी ठेवील, गुडघ्याचा पट्टा ठेवील, औषधांचा डबा, छत्री, डॉक्टरांचा नंबर. माझी बॅग मोठी होईल."

त्याने मान खाली घातली. खरंच पाठवली असती मी गाडी, तो म्हणाला. उशीसुद्धा ठेवली असती. हे बोलताना त्याला हसू येत होतं आणि रागही आलेला दिसत होता. तरीही तिला इथे बघायचा तर मला हक्क होता की नाही, असं तो मिस्टरांना विचारू लागला. मिस्टरांनी मान डोलावली. पण त्यांचा चेहरा असा पडला होता की जणू ते सगळं त्यांनाच कुणी ऐकवलं होतं.

रात्र तिघांनी शेडमध्येच काढली. दुसऱ्या दिवशी सकाळी वारा चांगला होता. शिक्षिकेने बाईंना विचारलं, येता का वर? बाईंनी विमानाभोवती फेरी मारून इतके प्रश्न विचारले की तिने शेवटी विचारलं, उत्तरं हवीत की उडायचं आहे? बाई म्हणाल्या, दोन्ही. पण आसनाला हात लावून त्या मागे सरल्या आणि म्हणाल्या, आधी ह्यांना जाऊ दे. मिस्टर पुढे आले. खिशात काही ठेवायचं नाही, असा नियम होता. मिस्टरांनी नाइलाजाने खिसे रिकामे करायला घेतले. मलमाच्या डब्या निघाल्या, मेणबत्ती निघाली, पाना निघाला, सुई-दोऱ्याची पुडी निघाली. मग शर्टाच्या आतून, पोटाभोवती गुंडाळलेली ती दोरी निघाली. दोरी संपेचना. शेडमधली माणसं हसून हसून गवतात लोळायची बाकी राहिली. बाईंनी कपाळाला हात लावला. मिस्टर मात्र गंभीरपणे एवढंच म्हणाले, "एकच बॅग म्हणालीस. खिशांचं बोलली नव्हतीस."

लिफ्टवाल्याने तोवर मैदानाच्या त्या टोकाला जाऊन विमानाचा दोर तपासून घेतला होता. दोन्ही हातांनी चाचपत, पीळ बघत, तो इतका वेळ घेत होता की यंत्रावरचा माणूस कंटाळला. परत येऊन त्याने सांगितलं, दोर उत्तम आहे. मग शिक्षिकेने आईच्या बॅगेतली शिट्टी काढून त्याच्या हातात दिली. त्याने आईची दुर्बीण डोळ्यांना लावली. काचा त्याच्या डोळ्यांना जुळत नव्हत्या. आईच्या नजरेला लावलेल्या होत्या त्या. फिरवायला त्याने बोट नेलं आणि क्षणभर तसंच ठेवलं. मग फिरवल्या. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, वर बघितलं. पहिली शिट्टी अगदीच फुसकी झाली. यंत्रावरच्या माणसाने लांबूनच हात हलवला, ऐकू आलं नाही. दुसरी मात्र माळभर घुमली.

दोर ताणला गेला, विमान चार हात घसरलं आणि मिस्टर आभाळात गेले. बाई मान मागे टाकून बघत होत्या. इतकी वर्षं एवढं सामान वाहणारा आपला माणूस रिकाम्या हातांनी वर गोल फिरतोय, हे त्यांना खरंच वाटेना. वर त्यांना कसं वाटत असेल, ते घाबरले असतील का, खाली बघत असतील की डोळे मिटून बसले असतील? मिस्टर उतरले. बाईंनी सतरा प्रश्न विचारले. त्यांनी एकाचंच उत्तर दिलं. म्हणाले, पुन्हा येऊ.

त्यानंतर बाई वर गेल्या. पहिली दोन मिनिटं त्यांनी शिक्षिकेला प्रश्न विचारले, पुढे त्यांचे त्यांनाच सुचेनात.

लिफ्टवाल्याने वर यायला नकार दिला. मला खालचंच काम बरं, म्हणाला. संध्याकाळी निघताना शिक्षिकेने विचारलं, खाट काढून टाकायची का? तो म्हणाला, राहू दे, पुढच्या महिन्यात मी येतो. आईचं घर त्याने त्याच महिन्यात ठरल्याप्रमाणे सोडलं. माळावर मात्र तो जात राहिला, महिन्यातून एकदा, आणि बाई आणि मिस्टर वर्षातून तीनचार वेळा.

पण ते नंतरचं. त्या संध्याकाळी परतीच्या गाडीत मिस्टर खिडकीला डोकं टेकून झोपले. लिफ्टवाला बाईंच्या पुढच्या बाकावर होता. बरंच अंतर गेल्यावर तो मागे वळला आणि त्याने विचारलं, आई तुमच्याशी आणखी काय बोलायची?

बाईंनी खरं ते सांगितलं. मी एकच प्रश्न विचारला होता, म्हणाल्या, आणि त्यांनी एकच उत्तर दिलं. त्याने मान हलवली, पुढे वळला. थोड्या वेळाने परत मागे वळला.

"पट्ट्यावरून बॅग कुठल्या हाताने उचलायची ती?"

बाईंनी डोळे मिटून आठवून बघितलं. "उजव्या. आणि उचलली की एकदा हलवून बघायच्या, आत सगळं आहे ना म्हणून."

"आणि मग?"

"मग निघायच्या."

"भरभर की हळू?"

बाई पुढे सरकून बसल्या आणि सांगू लागल्या.